हरणाऱ्या संघांचा जॉबर

भिवंडीत यंत्रमागाच्या शेडमध्ये सर्वांत कमी वेळ दिसणारा आणि सर्वांत जास्त वेळा बोलावला जाणारा माणूस म्हणजे जॉबर. कापड तो विणत नाही, ते काम मागावर उभ्या असलेल्या कारागिराचं. शेड त्याची नाही, सूतही त्याचं नाही. पण धोटा नीट जाईनासा झाला, ताण्याची तार पुन्हा पुन्हा तुटू लागली, कापडात ठरावीक जागी खोट येऊ लागली की हाक जॉबरलाच जाते. तो माग थांबवतो, काय सैल पडलंय आणि काय नको इतकं ताणलंय ते हाताने चाचपतो, जुळवाजुळव करतो, माग पुन्हा चालू करून थोडा वेळ आवाज ऐकतो आणि पुढच्या शेडकडे निघतो.

खेळातही असं काम करणारी माणसं असतात. जिंकणाऱ्या संघाला जिंकत ठेवणं हे एक कौशल्य, आणि हरण्याची सवय लागलेल्या संघाला त्या सवयीतून बाहेर काढणं हे पूर्ण वेगळं. दुसरं काम करणाऱ्याला तयार वैभव मिळत नाही. त्याला मिळते ती निराश संघटना, धास्तावलेले खेळाडू आणि “आपल्याकडे असंच असतं” हे वाक्य. महाराष्ट्रात या कामाचं सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे चंद्रकांत पंडित. मुंबईच्या मैदानांवर त्यांना आजही ‘चंदू’ म्हणूनच ओळखतात. प्रशिक्षक म्हणून त्यांनी तीन वेगवेगळ्या राज्यसंघांना मिळून सहा वेळा रणजी करंडक जिंकून दिला. त्यांतल्या विदर्भ आणि मध्य प्रदेश या दोन संघांनी त्याआधी तो करंडक एकदाही उचललेला नव्हता.

हे काम किती अवघड आहे ते कळण्यासाठी आधी जरा दूर, अमेरिकेत जाऊ. तिथल्या महाविद्यालयांत पडलेला टेनिस संघ उभा करणाऱ्या प्रशिक्षकांकडे फार मानाने पाहिलं जातं. एका महाविद्यालयाचा संघ वर काढायचा आणि मग दुसरीकडे जायचं, अशा कारकिर्दी तिथे घडतात. पण त्यांच्या हातात भरतीचं एक मोठं हत्यार असतं. पहिल्या श्रेणीच्या महाविद्यालयांत २०२५ पर्यंत मुलींच्या टेनिस संघाला आठ आणि मुलांच्या संघाला साडेचार शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती. लढतीत सहा एकेरी सामने आणि तीन दुहेरी. म्हणजे प्रशिक्षकाने जगभर फिरून दोन-तीन उत्तम खेळाडू आणले की संघाचा चेहरामोहरा बदलतो. शिवाय चार वर्षांत जुने विद्यार्थी पदवी घेऊन बाहेर पडतात आणि सगळा संघच नवा होतो. रणजीच्या प्रशिक्षकाला ही सोय नाही. राज्यातली मुलं आणि बाहेरून जास्तीत जास्त तीन पाहुणे खेळाडू, एवढंच भांडवल. जी मुलं काल हरत होती, त्यांनाच उद्या जिंकायला शिकवायचं असतं.

पंडितांचा जन्म मुंबईतला, ३० सप्टेंबर १९६१चा. ते रमाकांत आचरेकर सरांचे शिष्य. शिवाजी पार्कवर आचरेकर सरांनी घडवलेल्या खेळाडूंची यादी सांगायला लागलं की लोक सचिन तेंडुलकरपाशी थांबतात. पण त्या यादीत एक दुसरी रांग आहे, पुढे प्रशिक्षक झालेल्यांची. लालचंद राजपूत, प्रवीण आमरे, पारस म्हांब्रे, अमोल मुझुमदार, रमेश पोवार आणि पंडित. एका माणसाच्या नेटमधून एवढे प्रशिक्षक बाहेर पडावेत, याकडे मला त्या नेटची फार मोठी कमाई म्हणून पाहावंसं वाटतं. सर नेटमध्ये तासन्‌तास तंत्र घोटवत बसणारे नव्हते. मुलाला जास्तीत जास्त सामने खेळायला लावायचे, एक सामना संपला की स्कूटरवर बसवून दुसऱ्या मैदानावर न्यायचे. सामन्यात जे कळतं ते सरावात कळत नाही, हा त्यांचा विश्वास होता. पंडितांच्या सगळ्या पद्धतीच्या मुळाशी हेच आहे.

खेळाडू म्हणून पंडित यष्टिरक्षक-फलंदाज. १९८६ साली इंग्लंडमध्ये लीड्सला त्यांनी कसोटी पदार्पण केलं. भारताकडून पाच कसोटी आणि ३६ एकदिवसीय सामने खेळले. यष्टिरक्षणाची जागा त्या काळात किरण मोरे यांच्याकडे होती, त्यामुळे पंडित कधी राखीव, कधी नुसते फलंदाज. १९८७च्या विश्वचषकात वानखेडेवर इंग्लंडविरुद्धच्या उपांत्य सामन्यात दिलीप वेंगसरकर आजारी पडले म्हणून त्यांना संधी मिळाली. त्यांनी २४ धावा केल्या आणि भारत हरला. प्रथम श्रेणीत मात्र आठ हजारांहून जास्त धावा आणि ४८ च्या वरची सरासरी. यष्टिरक्षकाची फलंदाजी इतकी भक्कम असणं त्या काळात दुर्मीळच होतं.

मुंबईने त्यांना काय दिलं हे समजून घ्यायला हवं, कारण पुढे त्यांनी तेच सगळीकडे नेलं. १९५८-५९ ते १९७२-७३ अशी सलग पंधरा वर्षं रणजी करंडक मुंबईकडे होता. या संघात आलेल्या नव्या मुलाला कोणी ‘जिंकायला हवं’ असं समजावून सांगत नसे, ते गृहीतच असे. पावसाळ्यात चिखलाच्या खेळपट्टीवर होणाऱ्या कांगा लीगमध्ये एक-एक धाव मिळवायला शिकायचं, विकेट फेकली तर तंबूत ज्येष्ठांची बोलणी खायची, आणि सामना जवळपास हातचा गेला असला तरी शेवटचा गडी बाद होईपर्यंत सोडायचा नाही. १९९०-९१च्या अंतिम सामन्यात कपिल देवच्या हरयाणाने मुंबईला वानखेडेवर अवघ्या दोन धावांनी हरवलं, तेव्हा मुंबईचे यष्टिरक्षक पंडित होते. ३५५ धावांचा पाठलाग करताना वेंगसरकर १३९ वर नाबाद राहिले आणि मैदानावरच रडले. दोन धावांनी हरण्याचं दुःख त्या संघाने ज्या तऱ्हेने वाहिलं, त्यावरूनच त्याची घडण कळते.

पुढे पंडित मध्य प्रदेशकडून खेळू लागले, कर्णधार झाले आणि १९९८-९९ मध्ये त्यांनी संघाला अंतिम फेरीत नेलं. एप्रिल १९९९, बंगळुरूचं चिन्नास्वामी स्टेडियम, समोर कर्नाटक. कर्नाटकाच्या ३०४ ला मध्य प्रदेशने ३७९ धावांनी उत्तर दिलं. पंच्याहत्तर धावांची आघाडी. रणजीचा अंतिम सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावात आघाडी घेणारा विजेता ठरतो. म्हणजे शेवटच्या डावात मध्य प्रदेशला २४७ धावा करायची गरजच नव्हती. तग धरून राहिलं असतं तरी करंडक त्यांचा होता. पण विजय भारद्वाजने सहा बळी घेतले आणि मध्य प्रदेश १५० धावांत संपला, ९६ धावांनी हरला.

हा पराभव मला या साऱ्या कारकिर्दीची किल्ली वाटतो. त्या संघाकडे कौशल्य होतं. कौशल्याशिवाय कर्नाटकावर त्यांच्याच मैदानात आघाडी मिळत नाही. कमी पडलं ते वेगळंच. करंडक दिसू लागल्यावरचे शेवटचे काही तास जगायची सवय त्या खेळाडूंना नव्हती. कधीच तिथे न पोहोचलेल्या माणसाला तिथली हवा जड लागते. ती हवा आधीच श्वासात भरून घ्यायची कशी, हा पंडितांपुढचा पुढच्या वीस वर्षांचा प्रश्न होता.

प्रशिक्षक म्हणून त्यांची सुरुवात मुंबईतच झाली. २००२-०३ आणि २००३-०४ असे लागोपाठ दोन रणजी करंडक मिळाले. २०१५-१६ मध्ये ते परत आले, आदित्य तरेच्या नेतृत्वाखाली मुंबईने पुण्याजवळच्या गहुंजे मैदानावर सौराष्ट्राला डावाने हरवलं आणि ४१वं विजेतेपद पटकावलं. पुढच्याच हंगामात मुंबई पुन्हा अंतिम फेरीत पोहोचली, पण इंदूरला पार्थिव पटेलच्या १४३ धावांच्या जोरावर गुजरातने ३१२ चं लक्ष्य गाठून पहिल्यांदाच करंडक जिंकला. लागोपाठ दोन अंतिम सामने गाठूनही पंडितांचा मुंबईशी करार पुढे चालू राहिला नाही. मुंबईच्या मोजपट्टीत उपविजेतेपदाला किंमत नाही. ही मोजपट्टी क्रूर आहे, पण पंडितही तिच्यावरच वाढले होते.

२०१७ मध्ये ते नागपूरला गेले.

विदर्भ १९५७-५८ पासून रणजी खेळतोय. साठ वर्षांत एकदाही अंतिम फेरी नाही. अनेक हंगाम खालच्या प्लेट गटात गेले होते. मोठ्या संघांना विदर्भाविरुद्धचा सामना म्हणजे गुण हमखास मिळवण्याची जागा वाटे. पण इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. पंडित आले आणि ओसाड जमिनीवर बाग फुलली, असं झालेलं नाही. विदर्भ क्रिकेट संघटनेने त्याआधीच जामठ्याचं मोठं मैदान बांधलं होतं आणि मुलांसाठी निवासी अकादमी काढली होती. पारस म्हांब्रे प्रशिक्षक असताना संघ उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोहोचू लागला होता. उमेश यादवला घडवणारे सुब्रतो बॅनर्जी गोलंदाजांवर काम करत होते. वसीम जाफर पाहुणा खेळाडू म्हणून आला होता, कर्नाटकातून गणेश सतीश आला होता. सुटे भाग सगळे होते. ते एकत्र लावणारं कोणी नव्हतं.

हरणारा संघ नेमका कुठे हरतो? रणजीचा साखळी सामना चार दिवसांचा, बाद फेरीतला पाच दिवसांचा, आणि दिवसाला नव्वद षटकं. एवढ्या लांब खेळात एका चेंडूवर सामना जात नाही. तो जातो उपाहारापूर्वीच्या अर्ध्या तासात, सैलावलेल्या क्षेत्ररक्षणात, दिवसाच्या शेवटच्या तीन षटकांत फेकलेल्या विकेटमध्ये, एका नोबॉलवर वाचलेल्या फलंदाजामध्ये. जिंकणारा संघ या चुका करत नाही असं नाही, पण तिथे त्या चुकीची लाज वाटते. हरणाऱ्या संघात ती चूक कोणाला खुपतच नाही. पराभवाचं कारण सामन्याआधीच तयार असतं. समोरचे मोठे आहेत, पंच त्यांचे आहेत, निवड समिती आपल्याकडे बघत नाही. यातलं काही खरंही असतं, म्हणून ते जास्त घातक.

पंडितांनी हात घातला तो या न खुपण्याला. सरावाची वेळ म्हणजे वेळ, बसमध्ये आणि ड्रेसिंग रूममध्ये फोनवर बंधनं, तंदुरुस्तीत कोणालाही सूट नाही, ज्येष्ठालाही नाही. विदर्भाच्या आणि नंतर मध्य प्रदेशच्या खेळाडूंनी या शिस्तीच्या कितीतरी गोष्टी सांगितल्या आहेत. पण नुसत्या शिस्तीने संघ जिंकला असता तर प्रत्येक छावणीतून विजेते निघाले असते. पंडितांच्या शिस्तीला सामन्याचा संदर्भ असतो. सराव नेटमध्ये चेंडू मारत बसण्याचा नाही, प्रसंग खेळण्याचा. सात बाद झालेत आणि ऐंशी धावा हव्यात. नवा चेंडू चार षटकांवर आलाय आणि दिवस संपायला अर्धा तास आहे. आता काय करशील? हा प्रश्न आधी शंभरदा सोडवलेला असला की खऱ्या सामन्यात तो पहिल्यांदा समोर येत नाही. आचरेकर सरांची स्कूटर एका मैदानावरून दुसऱ्यावर का धावत होती, ते इथे कळतं.

२०१७ च्या डिसेंबरात, कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर त्याची परीक्षा झाली. उपांत्य सामना, समोर पुन्हा कर्नाटक. विदर्भ पहिल्या डावात १८५ वर बाद. करुण नायरच्या १५३ धावांमुळे कर्नाटकाला ११६ धावांची आघाडी. जुना विदर्भ इथेच संपला असता. पण दुसऱ्या डावात गणेश सतीशने, आपल्याच जुन्या राज्याविरुद्ध, ८१ धावा केल्या, विदर्भ ३१३ पर्यंत गेला आणि कर्नाटकासमोर १९८ चं लक्ष्य ठेवलं गेलं. चौथ्या दिवसअखेर कर्नाटक ७ बाद १११. पाचव्या सकाळी विनय कुमार आणि अभिमन्यू मिथुन यांनी सामना ओढत जवळपास पलीकडे नेला. कर्नाटकाचा संघ १९२ वर सर्वबाद झाला. विदर्भ पाच धावांनी जिंकला. उरलेले तिन्ही बळी रजनीश गुरबाणीचे. डावात ६८ धावांत सात, सामन्यात बारा.

गुरबाणी हा स्थापत्य अभियांत्रिकीचा पदवीधर. त्याने त्या हंगामात अवघ्या सहा सामन्यांत ३९ बळी घेतले. इंदूरच्या अंतिम सामन्यात दिल्लीविरुद्ध त्याने हॅट्‌ट्रिक घेतली. रणजीच्या अंतिम सामन्यात अशी कामगिरी त्याआधी फक्त तमिळनाडूच्या कल्याणसुंदरमने १९७२-७३ मध्ये केली होती. ध्रुव शौरीच्या १४५ धावांनंतरही दिल्ली २९५ वर थांबली. मग विदर्भाने जे केलं ते १९९९ च्या चिन्नास्वामीचं थेट उत्तर होतं. आघाडी मिळाल्यावर ते थांबले नाहीत, घाबरलेही नाहीत. यष्टिरक्षक अक्षय वाडकरने पहिलं शतक याच सामन्यात काढलं, १३३ धावांचं, आणि विदर्भ ५४७ पर्यंत पोहोचला. शेवटच्या डावात हव्या होत्या २९ धावा. १ जानेवारी २०१८ रोजी फैज फजलच्या संघाने नऊ गडी राखून करंडक घेतला. विजयाच्या वेळी खेळपट्टीवर वसीम जाफर होता. मुंबईत अनेक करंडक जिंकलेला हा माणूस विदर्भाच्या मुलांबरोबर उड्या मारत होता.

पहिलं विजेतेपद लोक नशिबाच्या खात्यावर टाकू शकतात. म्हणून दुसरं महत्त्वाचं. २०१८-१९ मध्ये जामठ्यालाच सौराष्ट्राविरुद्ध अंतिम सामना झाला. चेतेश्वर पुजारा नुकताच ऑस्ट्रेलियात धावांचे डोंगर रचून आला होता. विदर्भाने त्याला दोन डावांत मिळून एक धाव करू दिली. डावखुरा फिरकीपटू आदित्य सरवटेने सामन्यात अकरा बळी घेतले आणि विदर्भ ७८ धावांनी जिंकला. चाळिशी ओलांडलेल्या जाफरने त्या हंगामात हजाराहून जास्त धावा केल्या. दोन्ही वर्षी इराणी करंडकही विदर्भाकडेच आला. २०१९ च्या इराणी करंडकाची बक्षिसाची रक्कम संघाने पुलवामात हुतात्मा झालेल्या जवानांच्या कुटुंबांना दिली. साठ वर्षं ज्याला कोणी विचारत नव्हतं, तो संघ आता काही देण्याच्या स्थितीत आला होता. मला त्यांच्या धावांइतकीच ही गोष्ट लक्षात राहते.

२०२० मध्ये पंडित मध्य प्रदेशकडे गेले. इंदूरचं क्रिकेट जुनं, घरंदाज. सी. के. नायडू आणि मुश्ताक अली यांच्या होळकर संघाने १९४५-४६ ते १९५२-५३ या काळात चार वेळा रणजी करंडक जिंकला होता. पण संस्थानं गेली, होळकर संघ गेला आणि मध्य प्रदेश या नावाने एकही विजेतेपद आलं नाही. त्यात करोनामुळे २०२०-२१ चा रणजी हंगामच रद्द झाला. हाताशी संघ होता पण सामने नव्हते. पंडितांनी तो काळ शिबिरांत घालवला. कर्णधार आदित्य श्रीवास्तवचं लग्न ठरलं तेव्हा त्याला फक्त दोन दिवसांची सुटी मिळाली, असं पंडितांनीच नंतर सांगितलं. ऐकायला हे कठोर वाटतं, आणि आहेच. पण कर्णधाराला सवलत नाही म्हटल्यावर बाकीच्यांनी सवलत मागायची हिंमत कशी करावी?

२०२१-२२ च्या बाद फेरीत व्यंकटेश अय्यर आणि आवेश खान भारतीय संघात गेलेले होते. मोठी नावं नसताना उरलेल्यांनी वाट काढली. उपांत्य सामन्यात हिमांशू मंत्रीने १६५ धावा केल्या आणि बंगाल १७४ धावांनी हरला. अंतिम सामना २२ जून २०२२ पासून. मैदान चिन्नास्वामी. समोर एकेचाळीस वेळचा विजेता मुंबई.

सर्फराज खानच्या १३४ धावांमुळे मुंबईने ३७४ केल्या. मध्य प्रदेशचं उत्तर फार संथ, फार चिवट आणि शेवटी फार मोठं निघालं. यश दुबेने १३३ धावांसाठी तीनशेहून जास्त चेंडू घेतले. शुभम शर्मा ११६. आयपीएलमध्ये नुकतंच झंझावाती शतक ठोकून आलेला रजत पाटीदार इथे १२२. एकूण ५३६. मुंबईकर ज्याला मुंबईची फलंदाजी म्हणतात, ती त्या दोन दिवसांत दुसऱ्याच संघाकडे दिसली. दुसऱ्या डावात कुमार कार्तिकेयने मुंबईचे चार गडी बाद केले. काहीतरी करून दाखवल्याशिवाय घरी जाणार नाही असं ठरवून हा मुलगा तोवर नऊ वर्षं आईवडिलांकडे गेला नव्हता. विजयासाठी १०८ धावा हव्या होत्या. नुसत्या धावांचा नव्हे, तेवीस वर्षांचा हिशोब होता तो, आणि पाटीदार व श्रीवास्तव यांनी तो सहा गडी राखून पुरा केला. खेळाडूंनी पंडितांना खांद्यावर घेतलं तेव्हा त्यांना रडू आवरलं नाही. ज्या मैदानावर कर्णधार म्हणून करंडक निसटला, तिथेच तो परत मिळाला, याला त्यांनी देवाची कृपा म्हटलं.

त्या दिवशी हरलेल्या मुंबईचे प्रशिक्षक होते अमोल मुझुमदार, आचरेकर सरांचेच शिष्य. प्रथम श्रेणीत अकरा हजारांहून जास्त धावा करूनही भारताकडून एकही सामना खेळायला न मिळालेला हा फलंदाज. २०२३ मध्ये ते भारतीय महिला संघाचे प्रशिक्षक झाले. २०२५ च्या विश्वचषकात त्यांचा संघ साखळीत लागोपाठ तीन सामने हरला, तेव्हा बाहेरून जोरदार टीका झाली. त्याच संघाने २ नोव्हेंबरला नवी मुंबईत दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून भारतीय महिलांना पहिला विश्वचषक मिळवून दिला. मुझुमदारांचा स्वभाव पंडितांपेक्षा मवाळ, बोलणं कमी. एकाच नेटमधून आलेल्या दोन माणसांनी पडलेला संघ उभा करायच्या दोन निराळ्या रीती दाखवल्या, आणि दोन्ही चालल्या.

म्हणून पंडितांच्या कडकपणाला मी यशाचं एकमेव कारण मानत नाही. त्या कडकपणाची परंपराही जुनी आहे. स्वतःचा ठरलेला सामना सोडून दुसरा सामना बघायला गेलेल्या छोट्या सचिनला आचरेकर सरांनी थप्पड मारली, ही गोष्ट सचिनने स्वतः प्रेमाने सांगितली आहे. आपल्याकडे अशा गोष्टी ऐकून लोक समाधानाने मान डोलावतात. मला ते मान्य नाही. मुलावर हात उगारण्याला कोणताही करंडक प्रमाणपत्र देऊ शकत नाही. सरांचं मोठेपण त्या थपडेत नव्हतं. त्या मुलाच्या एकेका डावाची त्यांना स्वतःपेक्षा जास्त काळजी होती, त्यात होतं. भिवंडीपासून भंडाऱ्यापर्यंत महाविद्यालयांच्या मैदानांवर शिकवणाऱ्यांनी पंडितांकडून काही घ्यायचंच असेल तर ती काळजी आणि प्रसंग खेळवण्याची पद्धत घ्यावी. आरडाओरडा घेणं सोपं असतं, म्हणून तोच आधी उचलला जातो.

कडकपणाची मर्यादा पंडितांच्याच कारकिर्दीत पुढे दिसली. ऑगस्ट २०२२ मध्ये कोलकाता नाइट रायडर्सने त्यांना मुख्य प्रशिक्षक नेमलं. २०२३ च्या हंगामात संघ सातवा आला. परदेशी खेळाडूंना त्यांची लष्करी शिस्त रुचली नव्हती, असं त्या संघातल्या डेव्हिड वीजने नंतर जाहीरपणे सांगितलं. जगभर खेळून आलेल्या, स्वतःचं शरीर आणि सवयी ओळखणाऱ्या माणसाला काय घालायचं, कधी झोपायचं हे सांगितलं की तो दुखावतो. त्याची हरण्याची सवय मोडायची नसते, कारण ती त्याला लागलेलीच नसते. २०२४ मध्ये कोलकात्याने आयपीएल जिंकली, पण तेव्हा गौतम गंभीर मार्गदर्शक म्हणून आला होता, श्रेयस अय्यर कर्णधार होता, आणि श्रेय वाटून द्यावं लागतं. २०२५ मध्ये संघ आठवा आला आणि पंडितांनी ती जागा सोडली.

इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये ब्रायन क्लफ यांचं असंच झालं होतं. डर्बी काउंटीला त्यांनी दुसऱ्या श्रेणीतून वर आणून विजेता केलं. मग १९७४ मध्ये ते लीड्स युनायटेडला गेले, जो संघ आधीच विजेता होता, आणि ४४ दिवसांत त्यांना बाहेर पडावं लागलं. पुढच्या वर्षी ते दुसऱ्या श्रेणीत अडकलेल्या नॉटिंगहॅम फॉरेस्टकडे गेले, आणि १९७९ व १९८० अशी दोन वर्षं युरोपियन कप त्या छोट्या शहरात आला. तोच माणूस, तीच जीभ. भुकेल्या संघाला ती पचली, पोट भरलेल्याला नाही.

पडलेला संघ उभा राहिला की नाही, हे तो उभा करणारा असेपर्यंत नक्की कळत नाही. त्याच्या धाकाने सरळ उभा असेल, तो गेला की पुन्हा वाकेल, अशी शंका राहतेच. पंडित नागपुरातून गेल्यावर दोन-तीन वर्षं विदर्भ मागे पडला आणि ही शंका खरी ठरते की काय असं वाटू लागलं. मग मार्च २०२४ मध्ये जामठ्याला रणजीचा उपांत्य सामना झाला तो विदर्भ आणि मध्य प्रदेश यांच्यात. पंडितांचा हात लागलेले दोन संघ समोरासमोर. विदर्भ ६२ धावांनी जिंकला. अंतिम सामन्यात वानखेडेवर मुंबईने त्यांच्यासमोर ५३८ चं अशक्य लक्ष्य ठेवलं. कर्णधार वाडकरने १०२ धावा केल्या, संघाने पाचव्या दिवसापर्यंत झुंज देत ३६८ धावा केल्या आणि १६९ धावांनी तो हरला. २०१७ च्या आधीचा विदर्भ असा हरत नसे. तो चौथ्या दिवशीच घरी गेलेला असे.

पुढच्या वर्षी त्याच विदर्भाने उपांत्य सामन्यात मुंबईला ८० धावांनी हरवलं. अंतिम सामन्यात केरळविरुद्ध कोवळ्या दानिश मालेवारने १५३ धावा केल्या, एकेकाळी ईडनवर विदर्भाला रडवणारा करुण नायर आता विदर्भाकडून ८६ आणि १३५ करून गेला, आणि २ मार्च २०२५ रोजी पहिल्या डावातल्या आघाडीवर तिसरा करंडक नागपुरात आला. डावखुऱ्या हर्ष दुबेने त्या हंगामात ६९ बळी घेतले, एका रणजी हंगामातला तो विक्रम. कर्णधार तोच वाडकर, ज्याचं पहिलं शतक इंदूरच्या अंतिम सामन्यातलं. आणि प्रशिक्षक उस्मान घनी, विदर्भाकडूनच खेळलेले, नागपूरच्याच क्रिकेटमध्ये वाढलेले.